आईबाबांचा पहिला स्मार्टफोन: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घरातल्या ज्येष्ठांसाठी कमी किमतीतला पहिला स्मार्टफोन कसा निवडावा आणि तो त्यांच्या हाती कसा रुळावा, याबद्दल मुंबईतल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. अनेकांच्या पत्रांत तीच शंका असेल तिथे ती एका प्रश्नात एकत्र केली आहे.

माझी आई ७१ वर्षांची आहे. इतकी वर्षं तिने बटणांचा फोन वापरला, आता नातवंडांना बघून बोलायचं म्हणते. बारा हजारांच्या आसपास कोणता फोन घ्यावा? प्रत्येक दुकानदार वेगळं नाव सांगतो.
— एक वाचक, लालबाग

मॉडेलची नावं दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे नावापेक्षा निकष घेऊन दुकानात जा. पहिला निकष कॅमेरा नाही. या फोनला किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, हे आधी विचारा. अपडेट थांबलेल्या फोनवर दोन-तीन वर्षांनी बँकेची अ‍ॅप्स एकेक करून चालायची बंद होतात. मग आईला पुन्हा नवा फोन आणि पुन्हा शिकणं. स्वस्त फोनमध्ये ही मुदत दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत काहीही असू शकते. सॅमसंगने गॅलक्सी ए१६ ५जी या मॉडेलला सहा वर्षांची हमी दिली, तर त्याच किमतीच्या आसपासच्या कित्येक फोनना याच्या निम्मीही मिळत नाही. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर बघा. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर पुढचा फोन दाखवायला सांगा.

दुसरा निकष मेमरी, आणि इथे फसगत फार होते. खोक्यावर ठळक ‘८ जीबी’ लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात ‘४ अधिक ४’ असतं. त्यातली दुसरी चार जीबी ही खरी रॅम (फोन चालू कामासाठी वापरतो ती मेमरी) नव्हे, फोनच्या साठवणीतून उसनी घेतलेली जागा असते आणि ती खूप संथ असते. खरी रॅम सहा जीबी मिळाली तर उत्तम, चारच्या खाली जाऊ नका. साठवण मात्र १२८ जीबीच घ्या. आईचा फोन सर्वांत आधी भरतो तो सुप्रभाताच्या फुलांनी आणि देवाच्या व्हिडिओंनी. ६४ जीबीत यंत्रणा आणि अ‍ॅप्स मिळून मोठा भाग आधीच खातात. जागा संपत आली की फोन अडखळतो, कॉल आला तरी पडदा उशिरा उजळतो आणि आईला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

पडदा बहुधा साडेसहा इंचांहून मोठाच असतो. एचडी प्लस पुरेसा आहे, फुल एचडीसाठी जास्त पैसे देऊ नका, कारण अक्षरं मोठी ठेवल्यावर डोळ्यांना फरक जाणवत नाही. उजेड मात्र नक्की तपासा. फोन दुकानाच्या दारात, उन्हात धरून आईला एखादं नाव वाचायला सांगा. मोतीबिंदू असलेल्यांना मंद पडदा बाहेर अजिबात दिसत नाही. वजन १९०-२०० ग्रॅमच्या घरात असतं, ते तिच्या मनगटाला पेलतं का, हे तिनेच ठरवावं. मागे तीन कॅमेरे दिसले तरी त्यातला २ मेगापिक्सेलचा बहुधा शोभेचा असतो. व्हिडिओ कॉलसाठी पुढचा कॅमेरा आणि औषधाच्या चिठ्ठीचा फोटो घेण्यासाठी मागचा एक चांगला असला की झालं. ५,००० एमएएचची बॅटरी या किमतीत सर्रास मिळते. इअरफोनची गोल पिन असेल तर घ्या, श्रवणयंत्र नसलेल्या पण कमी ऐकू येणाऱ्यांना साध्या वायरच्या इअरफोनने बराच फायदा होतो.

आता एक निकष जो दुकानदार सांगणार नाही. तुमचा स्वतःचा फोन ज्या कंपनीचा, शक्यतो त्याच कंपनीचा फोन आईला घ्या. प्रत्येक कंपनीच्या सेटिंग्जची मांडणी वेगळी असते. आई दुपारी फोन करून ‘आवाजच येत नाहीये’ म्हणाली, तर तुमच्या हातातला पडदा तिच्या पडद्यासारखा असेल तरच तुम्ही ऑफिसमधून तिला वाट दाखवू शकाल.

आईला दुकानात न्याच. तिथे तिच्या हाती फोन देऊन तुमच्या फोनवरून कॉल करा: तिला तो उचलता येतो का, गर्दीच्या आवाजात ऐकू येतो का, बाजूचं बटण अंगठ्याला सापडतं का? दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं तासभर माहिती वाचून कळत नाही. लॅमिंग्टन रोडला चारपाचशे रुपये वाचतील, पण नंतर विचारायला, कव्हर बदलायला आई स्वतः चालत जाऊ शकेल असं दादर-परळचं दुकान तिच्यासाठी जास्त सोयीचं. खोकं सीलबंद हवं. उघडल्यावर *#०६# डायल करा, पडद्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) खोक्याशी आणि जीएसटीच्या पक्क्या बिलाशी जुळला पाहिजे. खोक्यात चार्जर आहे का, हेही विचारा, कारण आता अनेकदा फक्त वायर येते. कव्हर, काच, चार्जर यांसाठी हजारभर रुपये बाजूला ठेवा. कव्हर खरखरीत आणि दोरी अडकवता येईल असं घ्या. पावसाळ्यात एका हातात छत्री, एका हातात पिशवी असताना गळ्यात अडकवलेला फोन पडत नाही.

माझा पाच वर्षं वापरलेला फोन चांगला चालतो. तोच बाबांना दिला तर चालेल ना?
— एक वाचक, मुलुंड

नवशिक्या माणसाला उतरती बॅटरी आणि थांबलेली अपडेट्स असलेला फोन देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुम्हाला त्याचे रुसवेफुगवे माहीत आहेत, बाबांना नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्षाहून जुनी असेल तर त्या फोनवर बाबांचं बँक खातं चालवू नका. तारीख ताजी असेल आणि बॅटरी कंपनीच्या केंद्रात बदलून घेतलीत तर जरूर द्या. फक्त आधी तुमचं गूगल खातं काढा, मगच सेटिंग्जमधून फोन पूर्ण पुसा, म्हणजे ‘फॅक्टरी रीसेट’ करा.

बाहेरून वापरलेला फोन विकत घेणार असाल, तर पैसे देण्याआधी केवायएम, एक जागा मोकळी सोडून १५ अंकी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं.

नवा फोन घेतला, पण आईला कॉल उचलताच येत नाही. ती दाबते, काहीच होत नाही, किंवा भलतंच काही उघडतं. बोटाचा ठसाही लागत नाही. फोन खराब आहे का?
— एक वाचक, बोरिवली

फोन बहुधा ठीक आहे. पडद्याला दाब कळत नाही, त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतभार कळतो. वयानुसार बोटांची टोकं कोरडी पडतात, त्यामुळे स्पर्श पोहोचत नाही. मग माणूस जोर लावून, बोट ठेवूनच राहतो. फोन त्याला ‘दाबून धरलं’ असं समजतो आणि वेगळीच यादी उघडतो. त्यात कॉल उचलायला बोट सरकवावं लागतं आणि सवय असते ती टक्कन दाबायची. म्हणजे तीन अडचणी एकाच वेळी.

आधी काच बघा. स्वस्त, जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर ती काढून पातळ लावा. जाड काचेने वरचा सेन्सर झाकला गेला तर कानाशी नेल्यावर पडदा बंद होत नाही आणि गालानेच आवाज म्यूट होतो. सॅमसंगमध्ये डिस्प्लेखाली ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असते, ती चालू करा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ शोधून ‘लाँग’ करा, म्हणजे बोट जरा रेंगाळलं तरी फोन गोंधळत नाही. कॉलसाठी सॅमसंगमध्ये फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘आन्सरिंग अँड एंडिंग कॉल्स’ आहे. तिथे आवाज वाढवायच्या बटणाने कॉल उचलणं आणि बाजूच्या बटणाने ठेवणं असं करता येतं. बटणांच्या फोनवरून आलेल्यांना हे लगेच जमतं. गूगलचं फोन अ‍ॅप असेल तर नव्या आवृत्तीत सरकवण्याऐवजी एकदा दाबून कॉल उचलण्याचा पर्याय मिळतो.

पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची पद्धत बंद करा आणि ‘नेव्हिगेशन’मध्ये जुनी तीन बटणं आणा. डोळ्यांना दिसणारं बटण लक्षात राहतं, हवेतली खूण राहत नाही. पडदा बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवरून २ मिनिटांवर न्या, नाहीतर चष्मा शोधेपर्यंत अंधार होतो. पडदा आपोआप आडवा होणं बंद करा. फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज दोन्ही वाढवा, पण अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नका, कारण तिथे काही अ‍ॅप्समध्ये ‘पुढे’चं बटणच पडद्याबाहेर जातं. होम स्क्रीनवर सहा-आठच चिन्हं ठेवा आणि घरच्या चार माणसांचे फोटो ‘डायरेक्ट डायल’च्या विजेटने लावा. मग होम स्क्रीनची मांडणी लॉक करा, म्हणजे बोट लागून व्हॉट्सअ‍ॅप नाहीसं होणार नाही. सॅमसंग, व्हिवोचा ‘इझी मोड’, ओप्पो-रियलमीचा ‘सिंपल मोड’ यातली काही कामं एका फटक्यात करतो. पण तो लावायचा तर पहिल्या दिवशीच लावा. महिन्याभराने लावला तर सगळं जागचं हलतं.

ठशासाठी हात धुऊन, पुसून, थोडं क्रीम चोळा आणि तोच अंगठा दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा किंचित तिरका. तरी नाहीच लागला तर पिन ठेवा.

आमच्या चाळीतल्या आतल्या खोलीत रेंज येत नाही. शिवाय आईला इंटरनेटचं महागडं रिचार्ज दर महिन्याला करायचं का?
— एक वाचक, गिरगाव

रेंज हा फोनपेक्षा सिमचा आणि भिंतींचा प्रश्न आहे. जाड भिंतींच्या आत कोणत्या कंपनीचं सिम चालतं, हे शेजाऱ्यांचे फोन त्याच खोलीत धरून आधी पाहा. घरात ब्रॉडबँड असेल तर सिमच्या सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. जिओ, एअरटेल आणि व्ही यांच्याकडे ही सोय आहे. साधा कॉलच वाय-फायवरून जातो, समोरच्याला काही वेगळं करावं लागत नाही. फोन घेताना त्या मॉडेलला ही सोय आहे ना, ते विचारा.

रिचार्जचं म्हणाल, तर दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची परवानगी दिली. आईचा व्हिडिओ कॉल घरच्या वाय-फायवरच होणार असेल तर तसा पॅक पुरतो आणि बँकेचे ओटीपीही येतात. ती एकटी बाहेर जाते, बाजारात फोनने पैसे देते, असं असेल तर मात्र थोडा डेटा हवाच.

जुन्या फोनचं मोठं सिम नव्या फोनच्या खाचेत बसत नाही. ते कात्रीने कापू नका, कंपनीच्या गॅलरीतून नॅनो सिम बदलून घ्या, आधार लागेल. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणून पेन्शनच्या किंवा बँकेच्या कामाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. जुन्या सिममध्ये साठवलेली नावं आधी फोनवर आणि तिथून गूगल खात्यात उतरवून घ्या. जुनं सिम बंद पडलं की ती नावं गेली.

बाबांच्या फोनचा पासवर्ड विसरल्याने आम्ही तो पुसला. आता तो जुनं जीमेल खातं मागतो. ते दुकानदाराने काढून दिलं होतं, त्यालाही आठवत नाही.
— एक वाचक, विलेपार्ले

ही तक्रार अनेक पत्रांत आहे. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये हे कुलूप असतं. बाहेरून पुसलेला फोन आधीच्या गूगल खात्याशिवाय उघडतच नाही. दुकानात घाईघाईत कुठल्याही नावाने काढलेल्या खात्याची किंमत अशी चुकवावी लागते. तुमच्या बाबतीत बिल आणि खोकं घेऊन कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा. रस्त्यावर ‘अनलॉक’ करून देणाऱ्याकडे देऊ नका.

ज्यांचा फोन अजून चालू आहे त्यांनी आजच सेटिंग्जमध्ये खात्याचा पत्ता बघावा. पासवर्ड माहीत नसेल तर बाबांच्या नावाने नवं खातं काढा, त्याला मुलाचा किंवा मुलीचा नंबर रिकव्हरीसाठी द्या, नावं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्या खात्यावर वळवा आणि मग जुनं काढा. पत्ता आणि पासवर्ड वहीत लिहा, वही पासबुकाशेजारी ठेवा. बँकेचा पिन मात्र त्या वहीत नको.

बाबा यूपीआय हवं म्हणतात, आम्हाला फसवणुकीची भीती वाटते. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं.
— एक वाचक, दादर

नको म्हणू नका. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे सुट्ट्या पैशांची चणचण असते. आयुष्यभर व्यवहार सांभाळलेल्या माणसाला दहा रुपयांसाठी मुलाकडे बघायला लावणं बरं नव्हे. नुकसान झालंच तर ते किती होईल, त्याला मर्यादा घाला.

बाबांचं एक वेगळं बचत खातं ठेवा, त्यात दरमहा खर्चापुरते पैसे टाका आणि यूपीआयला फक्त तेच जोडा. पेन्शनचं आणि मुदत ठेवींचं खातं फोनवर आणूच नका. बँकेत नोंदलेला नंबर याच फोनमध्ये आणि बाबांच्याच नावावर हवा. रोजच्या खरेदीला यूपीआय लाइट (आधी भरून ठेवलेल्या छोट्या शिलकीतून पैसे देणं) चांगलं: एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, शिल्लक जास्तीत जास्त ५,०००, पिनची गरज नाही. दुसरा मार्ग यूपीआय सर्कल. २०२४ मध्ये आलेल्या या सोयीत बाबा तुमच्या खात्यातून पैसे देऊ शकतात. पूर्ण मुभा दिली तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. किंवा प्रत्येक वेळी तुम्ही मंजुरी द्यायची.

आता फोनची दारं बंद करा. ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींना नकार द्या. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिल अशा नावांनी शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल येते. ती उघडून बसवली की तुमचे एसएमएस परस्पर वाचले जातात. हे सेटिंग बंद असेल तर चुकून दाबलं तरी फाइल सहजी बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा, अनोळखी कॉल गप्प करा, ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी फक्त ओळखीच्यांना द्या. *#२१# डायल केल्यावर कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले दिसले तर ##००२# ने रद्द होतात.

बाबांना तीन गोष्टी सांगा, पण धाक घालून नव्हे, कारण समजावून. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस, न्यायाधीश कायद्यात नाही, ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द ऐकला की फोन ठेवायचा. आणि चूक झालीच तर लपवायची नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवायचं. पहिल्या काही मिनिटांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मुलं रागावतील म्हणून माणसं दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. तेव्हा रागावणार नाही, हे आधीच कबूल करा.

हयातीचा दाखला फोनवरून देता येतो का? आईच्या बोटांचे ठसे बँकेतल्या यंत्रावर उमटत नाहीत.
— एक वाचक, परळ

येतो, आणि तिच्यासारख्यांना तोच सोपा पडेल, कारण इथे चेहऱ्यावरून ओळख पटते. प्ले स्टोअरवरून ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप्स घ्या. फोनची रॅम किमान ४ जीबी, साठवण ६४ जीबी आणि कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा हवा. वर सांगितलेल्या निकषांत हे बसतंच. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि खाते क्रमांक हाताशी ठेवा. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको, चष्मा काढा, सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी नोव्हेंबर महिना असतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस ९५ च्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन मिळणाऱ्या पेन्शनरांना वर्षात कधीही देता येतो, तो तिथून १२ महिने चालतो.

‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असं सारखं येतं. नवा फोन आहे!
— एक वाचक, कुर्ला

तो व्हायरस नाही, बहुधा कुठल्या तरी संकेतस्थळाला चुकून ‘अलाउ’ म्हटलं गेलंय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडा, अनोळखी संकेतस्थळं एकेक करून बंद करा. लॉक स्क्रीनवर जाहिराती दिसत असतील तर तो कंपनीचा वॉलपेपरचा प्रकार असतो, तोही सेटिंग्जमधून बंद होतो.

मी स्वतः ६८ वर्षांची आहे. मुलगा शिकवायला बसतो आणि दोन मिनिटांत फोन हातातून घेऊन स्वतःच करून टाकतो. मग मला काही येत नाही.
— एक वाचक, माहीम

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि मुलाला हे उत्तर वाचायला द्या. शिकवताना फोन आईच्या हातात राहायला हवा आणि पडद्याला बोटही तिचंच लागायला हवं. शिकवणाऱ्याने आपले हात मांडीवर ठेवून बोलावं. एका आठवड्यात एकच गोष्ट: आधी कॉल, मग व्हिडिओ कॉल, मग फोटो पाठवणं. लोकलचं तिकीट फोनवर काढायचं असेल तर ते सर्वांत शेवटी शिका, आणि ते स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढायची सवय लावा. आत गेल्यावर ते सहजी निघत नाही.

पायऱ्या स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. ‘हिरवं गोल चिन्ह, वर भिंग, नाव, कॅमेऱ्याचं चित्र’ एवढं पुरे. भाषा मराठी करून घ्या. टंकलेखन अवघड वाटत असेल तर गूगलच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. त्याच कीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनही जोडता येतं. पडद्यावर बोटाने ‘कशी आहेस’ असं लिहिलं की छापील होतं, जोडाक्षरांसह.

आणि काही भलतंच उघडलं तर खालचं मधलं बटण दाबा, घरी परत याल. नुसतं इकडेतिकडे बोट लागल्याने फोन बिघडत नाही. थांबून मुलाला विचारायचं ते दोनच वेळा: ‘इन्स्टॉल’ असा शब्द दिसला तर, आणि तुम्ही स्वतः कुणाला पैसे देत नसताना पिनचे चौकोन समोर आले तर.